वहिनीचे निळे कांदे

परवा वहिनीने फोनवर फोटो पाठवला. कुंडीत सात-आठ बुटकी फुलं, जांभळ्याकडे झुकणारी निळी, खालच्या पाकळ्यांवर हळदीचं बोट ओढल्यासारखा पिवळा पट्टा. खाली लिहिलं होतं, "बघ, आले!" बाईचे दोन्ही गुडघे बदललेले, वय माझ्याहून जास्त, आणि अजून ती फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात कांदे निजवते नि पौषात फुलवून दाखवते. माझ्या सुनेने फोटो पाहून "कित्ती गोड!" म्हटलं. मी चष्मा पुसला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि एखादं पान पिवळं पडलंय का ते नीट पाहिलं. एकही पडलं नव्हतं. माझा तो सगळा दिवस वाईट गेला.

हेवा वयाबरोबर गळून पडतो असं मी कुठेसं ऐकलं होतं. माझे दात गळले, केस गळले, हा काही जागचा हलला नाही. आमची आत्या म्हणायची, "वसूच्या पोटात सगळं मावतं, फक्त दुसऱ्याचं चांगलं मावत नाही." ती हे लाडाने म्हणायची, पण खोटं म्हणत नव्हती. तेव्हा या प्रकरणात माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा कुणी ठेवू नये. जे झालं ते सांगते, आणि तेव्हा काय वाटलं तेही सांगते.

आमचं घर नागावात. समुद्र घरातून दिसत नसे, नारळी-पोफळी आड यायच्या, पण ऐकू मात्र सारखा यायचा. भरती आहे की ओहोटी हे आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचो. पहाटे विहिरीवरचा रहाट कुरकुरायला लागला की पाणी पाटाने वाडीत निघायचं, एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात, आणि त्याच्या मागे मागे फावडं घेऊन पारू. पारू आमच्याकडे वाडीच्या कामाला होती आणि तिचा आवाज रहाटाच्याही वर चढायचा. मधूनच कुठेतरी नारळ पडल्याचा धप्प आवाज. अप्पा अलिबागला शाळेत मास्तर, ते सायकल काढायचे तेव्हा चुलीवर घावणे चाललेले असायचे. थंडीच्या दिवसांत घरात वालाचं राज्य. रात्री भिजत घातलेले, मोड आणलेले वाल सोलायचे, सोलताना निसटून पळणारी डाळिंबी पकडायची, बोटांना तो उग्र वास दिवसभर राहायचा. बिरडं आठवड्यातून तीनदा तरी व्हायचंच आणि कुणी कंटाळायचं नाही. आजही हॉटेलात 'कोकणी थाळी' म्हणून ते पुढ्यात येतं, तेव्हा मी पहिला घास घेते आणि वाटी बाजूला सारते. नारळ हात आखडून घातलेला असतो.

आई कडक होती. कौतुक करायची तिला सवयच नव्हती. परीक्षेत पहिली आले तरी "बरं" म्हणायची आणि कामाला लागायची. पण अंगणातली बाग ही एकच जागा अशी होती की तिथे ती माझ्याशी बरोबरीने बोलायची. अबोलीला शेणखत कधी, मोगऱ्याची छाटणी किती, जास्वंदीवरच्या किडीला राख टाकायची की तंबाखूचं पाणी, हे ती मला विचारायची. मला! एकदा मी लावलेल्या शेवंतीच्या काड्या एक न मरता सगळ्या धरल्या तेव्हा म्हणाली, "वसू, तुझ्या हाताला गुण आहे हो." आयुष्यात मला पुढे शाली मिळाल्या, नारळ मिळाले, निवृत्तीला भाषणं झाली. या वाक्याची सर कशालाच आली नाही.

अंगणात तुळशीच्या पूर्वेला एक वाफा होता. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी बकुळीची सावली, जमीन जराशी उंच त्यामुळे पाणी साचायचं नाही. अंगणातली सगळ्यात चांगली जागा ती, आणि आई तिथे दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. फक्त माझी शेवंती तिने तिथे लावू दिली होती. "मॅट्रिक झालीस की हा वाफा तुझा," असं ती म्हणाली होती. लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला वाफा देऊन काय उपयोग, हा हिशेब तिने केला नव्हता आणि मीही केला नव्हता. मला तो हवा होता.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी मार्गशीर्षात दादाचं लग्न झालं. वहिनीचे वडील मूळचे पुण्याचे, पण नोकरीपायी सगळी हयात सिमल्याला गेलेली. नलिनी तिचं नाव. गोरी, उंच, गालांवर थंड हवेची लाली, आणि मराठी बोलताना मधेच एखादा हिंदी शब्द. माप ओलांडून आत आली ती डाव्या कुशीत बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा धरून. आईला वाटलं, रुखवतातले लाडू मागे राहिले असतील. तिने डबा घ्यायला हात पुढे केला तर वहिनी गडबडून म्हणाली, "आई, जपून, त्यात माती आहे." ओटीवर हशा पिकला. आत्या म्हणाली, "अगो, सून माहेरची माती घेऊनच आली!"

"कांदे आहेत," वहिनी म्हणाली. "आयरिसच्या फुलांचे. बुटकी जात. आमच्याकडे बर्फाखाली निजतात आणि बर्फ विरघळला की सगळ्यांच्या आधी उठतात. इथे बर्फ नाही, म्हणून तिकडेच निजवून आणलेत."

आईने झाकण उघडलं. मातीतून सुईसारखी हिरवी टोकं वर आली होती. आई ओणवी होऊन त्यांच्याकडे बघत राहिली. घरात पाहुणे भरलेले, पंगती खोळंबलेल्या, आणि ती त्या डब्यात बघते आहे. नवी काडी फुटली की ती अशीच बघायची, आणि त्या वेळी शेजारी नेहमी मी असायची.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी ओटीवर वाल सोलत बसले होते. आईने वहिनीला विचारलं, "नलू, तुझ्या कांद्यांना जागा कशी हवी?" वहिनी म्हणाली, "सकाळचं ऊन आणि पाणी न साचणारी." अशी जागा अंगणात एकच होती, ते आईला ठाऊक होतं आणि मलाही. मी सोलायची थांबले. आई जराही न अडखळता म्हणाली, "तुळशीच्या पूर्वेचा वाफा घे मग." आणि माझ्याकडे वळून, "वसू, तुझी ती शेवंती काढून विहिरीकडे लाव. शेवंती काय, कुठेही येते."

माझ्या लग्नात भटजींनी काय म्हटलं त्यातलं मला अक्षर आठवत नाही. हे वाक्य मात्र आवाजासकट आठवतं. मी शेवंती काढली. कळ्या धरल्या होत्या, त्या विहिरीकडे जाऊन मान टाकून बसल्या. कुणाचं लक्षही गेलं नाही.

पुढचे दिवस तर सगळं घर वहिनीच्या भोवतीच फिरत होतं. तिने पोळी जाड केली तर आई हसायची, मी केली असती तर ताटातून परत आली असती. वाडीत पोपटी लावली, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा-मीठ, वरून जाळ. मडकं उपडं केल्यावर वहिनीने पाल्यासकट एक शेंग तोंडात घातली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावत राहिली. अप्पासुद्धा हसले, त्यांनी आपल्या हाताने तिला शेंगा सोलून दिल्या. अप्पांनी मला कधी शेंग सोलून दिल्याचं आठवत नाही. एकदा पारूने सवयीने पाटाचं पाणी तिच्या वाफ्याकडे वळवलं, तेव्हा ही बाई पदर खोचून धावली आणि दोन्ही हातांनी चिखल लोटून पाणी अडवलं. "पारूबाई, ह्यांना पाणी नको, ह्यांना तहान लागत नाही!" पारू गावभर सांगत सुटली, "आमच्या वयनींच्या झाडान्ला तहान लागत न्हाय!" त्यातही कौतुकच.

आणि पौषात ती फुलं फुलली. चार बोटं उंचीची. पान म्हणावं तर गवताचं पातं, आणि त्यावर एवढं नखरेल फूल. असा निळा रंग आमच्या अंगणात कधी आलाच नव्हता. गोकर्ण असते निळी, पण गोकर्ण ती गोकर्ण. आधी शेजारणी आल्या, मग शेजारणींच्या पाहुण्या, मग अप्पांच्या शाळेतले मास्तर. सगळे 'वहिनीचे निळे कांदे' बघायला. वहिनी म्हणाली, "ह्यांना वास आहे, पण त्यासाठी जमिनीला नाक लावायला हवं." पारू तर सरळ आडवीच झाली, आणि उठून म्हणाली, "हाय गो बाय, वास हाय! मला वाटला कांद्याचा येल!" सगळे हसले. मग मी जे पाहिलं ते मला आजही खुपतं. माझी आई, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेली, चारचौघांत मोठ्याने न हसणारी माझी आई, गुडघ्यांवर बसली, कोपरं टेकली आणि मातीला गाल लावून तिने त्या फुलाचा वास घेतला. उठली तेव्हा गालाला माती होती आणि ती लहान मुलीसारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी देवाला, एरवी माझी शेवंती असायची तिथे, ते निळं फूल वाहिलेलं होतं.

मी वास घेतला नाही. वहिनी म्हणाली, "वसू, ये ना." मी म्हटलं, "मला सर्दी आहे."

त्याच सुमारास विहिरीवर मी पारूजवळ बोलून गेले. म्हटलं, "कसली नवलाई! कुजतील एकदाचे ते कांदे नि माझा वाफा मोकळा होईल." मागे पावलं वाजली म्हणून वळून पाहिलं तर घागर घेऊन वहिनी. तिने पाणी भरलं, घागर कमरेवर घेतली आणि चालू लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

फुलं आठवड्याभरात सुकली, पानं मात्र नंतर वाढत गेली, हातभर लांब, आणि फाल्गुनात पिवळी पडून जमिनीवर लोळली. मी मनात म्हटलं, मेले. वहिनी म्हणाली, "निजायला निघालेत." तिने ते उकरून काढले. एकेका कांद्याला दोन-दोन, तीन-तीन पिल्लं झाली होती. पावसात जमिनीत राहिले तर सडतील, म्हणून सावलीत सुकवून ठेवायचे, आणि पानं कापायची नाहीत, ती आपोआप सुटतात, असं तिने आईला समजावलं. मग सगळे कांदे पानांसकट सुपात पसरून तिने सूप ओटीवर ठेवलं.

आता ज्याने आमच्याकडचा फाल्गुन पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. त्याच दिवसांत आमचा पांढरा कांदा शेतातून घरी येतो. पातीसकट ओटीवर पसरतात, पात सुकली की तिचे पेड घालून कांद्यांच्या वेण्या विणतात आणि आढ्याला टांगतात. आमच्या घरी वेण्या घालायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे अप्पांची मोठी बहीण, तरुणपणीच नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. भिंतीला पाठ लावून बसायची, शेजारी पात नरम करायला पाण्याची वाटी, मांडीवर केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, दोरे, आणि बोटं अशी चालायची की बघत राहावं. मोठ्या कांद्यांच्या वेण्या नातेवाइकांना नि गिऱ्हाइकांना जायच्या. गोटीएवढे बारके कांदे वेगळे निवडून त्यांची छोटी वेणी चुलीवर टांगायची, रोजच्या बिरड्यासाठी. त्या कामात ती कुणाला बोटसुद्धा लावू देत नसे.

त्या दिवशी आई आणि वहिनी चौलला एका बारशाला गेल्या होत्या. मी परीक्षेचा अभ्यास करत माजघरात, आत्या ओटीवर. तिन्हीसांजेला दोघी परतल्या तर सूप रिकामं, खुंटीला अडकवलेलं.

"आई, माझे कांदे?" वहिनीचा आवाज चिरकला.

आईने आत्याला विचारलं, "वन्सं, सुपातले नलूचे कांदे पाहिलेत?"

"नलूचे? छे गो. मी आपली माझ्या वेण्या घालत्ये सकाळधरनं."

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. वहिनी रडवेली होऊन म्हणाली, "मिळाले नाहीत तरी चालेल, पण ते विषारी असतात. कुणाच्या पोटात गेले तर? गुरांनी खाल्ले तर?" आईचा चेहरा उतरला. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "वसू, कुठे टाकलेस?"

तू टाकलेस का, असं नाही विचारलं. मी शपथा घेतल्या, देवावर हात ठेवायला निघाले. आई म्हणाली, "देवाला मधे आणू नकोस. विहिरीवर काय बोललीस ते साऱ्या वाडीने ऐकलंय." मी वहिनीकडे पाहिलं, हिनेच चुगली केली म्हणून. पारूने केली होती, ते मला फार पुढे कळलं. करून गेलं गाव आणि भलत्याचंच नाव, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. तिचा खरा उपयोग त्या संध्याकाळी कळला. मी जेवले नाही. अप्पा म्हणाले, "परीक्षा आहे तिची, सोडा आता." 'सोडा' म्हणजे त्यांनाही खात्री होतीच. माझ्या घरात माझ्यावर विश्वास असलेलं एकही माणूस नव्हतं, आणि नुकत्याच आलेल्या त्या परक्या मुलीसाठी सगळ्यांचा जीव तुटत होता.

दोन-तीन दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका सकाळी म्हणाली, "चुलीवरच्या वेणीतले चार बारके कांदे काढ, बिरड्याला हवेत." मी पाटावर चढले, नव्या छोट्या वेणीला हात घातला, आणि हाताला लागलं ते काही वेगळंच. कांद्याची साल कागदासारखी सुटते. ही तशी नव्हती. विणलेल्या जाळीसारखी, चिवट. वेणी खाली ओढली तर वरचे दोन-चार आमचे कांदे आणि खाली सगळे वहिनीचे. मला इतका आनंद झाला की मी पाटावरून उडीच मारली. "आई! आई!" ओरडत ओटीवर धावले.

आई परसात होती. ओटीवर एकटी आत्या. मी वेणी तिच्या तोंडासमोर धरली. "आत्या, बघ! बघ हे काय!"

आत्याने मान वर केली आणि माझ्या हाताकडे न बघता माझ्या आवाजाकडे पाहिलं. मग हात पुढे करून चाचपडत वेणी घेतली. बोटं एका कांद्यावरून फिरली, दुसऱ्यावरून फिरली आणि थांबली.

"ही साल आपल्या कांद्याची नव्हे," ती हळूच म्हणाली. "नलूचे ते?"

"हो."

"मीच विणले?"

तिने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. "वसू, दिवाळीपासनं मला उजेड तेवढा कळतो गो. माणसं आवाजावरनं ओळखत्ये. ओले कांदे नि सुके कांदे बोटांना कळतात, म्हणून निभावलं. पात हाताला लागली नि वेणी घातली." मग जरा वेळाने, "तुझी आई वाईट नव्हे. पण कळलं की मला नुसती बसवून जेवायला घालील. वेण्या घालत्ये म्हणून मी पानावर ताठ बसत्ये. सांगू नको हो."

मला दया आली असं लिहायला आवडलं असतं. मला राग आला होता. माझ्या निर्दोषपणाचा पुरावा माझ्या हातात होता आणि म्हातारी तो परत मागत होती. तेवढ्यात परसातून आईची चाहूल लागली. आत्याचं तोंड दाराकडे वळलं, आणि मला एकदम दिसलं की तिला भीती वाटते आहे. ज्या आत्याने मला तेल लावून न्हाऊ घातलं तिला माझ्या तोंडून काय निघेल याची भीती. मी वेणी परकराच्या घोळात गुंडाळली.

"काय गो, कशाला ओरडत होतीस?" आई म्हणाली.

"काही नाही. झुरळ होतं."

विहिरीमागे बसून मी वेणी उलगडली, आमचे कांदे बिरड्याला दिले, वहिनीचे सुपात घातले आणि दुपारी सगळ्या आडव्या झाल्यावर सूप ओटीवर होतं तिथे ठेवून दिलं. मॅट्रिकच्या मुलीची अक्कल. मला वाटलं, कांदे मिळाले की विषय संपेल. आई उठली, सूप पाहिलं आणि म्हणाली, "आली का बुद्धी! आणून ठेवलेस ना शेवटी?"

वहिनी सुपापाशी उकिडवी बसली. तिने एक कांदा उचलला. पात वाकडी, पेड घातल्याच्या घड्या तिच्यावर तशाच, आणि पातीत अडकलेला केळीच्या सोपाचा एक तुटका दोरा. तिने दोरा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग ओटीच्या टोकाला, उजेडाकडे तोंड करून, हातांकडे न बघता वेणी घालणाऱ्या आत्याकडे पाहिलं. दोरा तिच्या मुठीत गेला.

"आई, मीच माळ्यावर वाळायला ठेवले होते," ती म्हणाली. "साफ विसरले. वसूने शोधून दिले."

आई हसली. तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तू घाल कितीही पांघरूण. माझी मुलगी मला ठाऊक आहे. सून मिळावी तर अशी."

म्हणजे बघा. बोलणी मी खाल्ली, आत्याला झाकलं मी, आणि पाठीवर हात फिरला तो वहिनीच्या. कांदे, वाफा, आई, सगळं तिला मिळालं होतंच, आता चांगुलपणातही ती माझ्यापुढे गेली. संध्याकाळी तुळशीपाशी मला गाठून ती म्हणाली, "वसू, वाफा तू घे. तुझाच होता." मी म्हटलं, "नको. शेवंती काय, कुठेही येते."

पावसानंतर तिने कांदे पुन्हा लावले. नुसती पानं आली. आमची थंडी त्यांच्या झोपेला पुरेना. तिने कोळीवाड्यातून मासळीचा बर्फ आणवून त्यात ते निजवून पाहिले. कांद्यांना बोंबलाचा वास लागला, फूल काही आलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पुढच्या फाल्गुनात वहिनी "मला शिकवा" म्हणून आत्याच्या शेजारी जाऊन बसली. एकेक कांदा निवडून, पात सरळ करून आत्याच्या हातात द्यायची. त्यानंतर आत्याची एकही वेणी चुकली नाही, आणि शेवटपर्यंत ती पानावर ताठ बसली. घरात कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. हे मला आधी सुचायला हवं होतं, असं वाटून मी तेव्हाही जळले.

पुढे माझं लग्न झालं, मी अलिबागला आले, शाळेत नोकरी केली. अप्पा गेले, आत्या त्याच्याही आधी गेली. नागावच्या घरी फ्रिज आला आणि वहिनीने कुठूनसे नवे कांदे मागवून तिची फुलं परत आणली. हल्ली वाडीत दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या आहेत. मुंबईचे लोक रो-रो बोटीने येतात आणि त्या फुलांशेजारी बसून फोटो काढतात. आई शेवटच्या आजारात खिडकीशी पलंग टाकून पडून असायची. मी दर रविवारी जायची. वहिनी रोजच होती.

अशाच एका रविवारी वहिनी आईचे पाय चेपत होती, मी उशाशी. आई बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "वसू, एक विचारू? रागावू नको हो. नलूचे ते कांदे तू का गो घेतले होतेस?"

इतक्या वर्षांनी. आता सांगायला काहीच अडचण नव्हती. जिला झाकायचं ती आत्या केव्हाच गेली होती. मी वहिनीकडे पाहिलं. तिचे हात थांबले होते. तिने तोंड उघडलं, "आई, अहो ते..."

"हेवा वाटला म्हणून," मी म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर आपण लेकीवर केलेला अन्याय उशाशी घेऊन आईला जावं लागलं असतं. पण हा विचार मला नंतर सुचला. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की वहिनी बोलायला निघाली आहे, आणि या खेपेला मी तिला पुढे जाऊ देणार नव्हते.

"वाफा मला देते म्हणाली होतीस," मी पुढे म्हटलं. हे मात्र खरं होतं, आणि ते म्हणताना माझा आवाज मॅट्रिकच्या मुलीचाच झाला.

आईने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग तिने माझा हात शोधला. "म्हणाले होते," ती म्हणाली. "तुझी शेवंती उपटायला लावायला नको होती मी. कळ्या धरल्या होत्या."

तिने त्या कळ्या पाहिल्या होत्या. मी तिच्या हातावर डोकं ठेवलं आणि किती वेळ रडले ते मला सांगता येणार नाही.

नंतर मी विहिरीवर तोंड धुवायला गेले. वहिनी मागोमाग टॉवेल घेऊन आली. म्हणाली, "खोटं बोललीस."

"तुझ्याकडूनच शिकले," मी म्हटलं.

ती हसली आणि चहा टाकायला आत गेली. चहा तिचा माझ्यापेक्षा चांगला होतो, तेही इथे लिहून ठेवते.